समोरच्या दारची पाटी

४ जानेवारी

मावशी,

पोचलो. फोन केला असता, पण मागच्या वेळी मी अर्धा तास ओरडलो आणि शेवटी तू विचारलंस, "पण तू बोलत का नाहीस?" तेव्हा पत्रच बरं.

कारखान्याची जागा ज्यांनी विकत घेतली त्यांना गाव पाडण्याआधी गावाचा इतिहास छापून हवा आहे. आधी आठवणी, मग बुलडोझर, असा सगळा सभ्य कारभार. आमचा पेपर बंद पडल्यापासून मी कोणालाच नाही म्हणत नाही, म्हणून मी आलो. गेस्टहाउसमध्ये मी एकटा. खिडकीत डोंगर इतका जवळ आहे की पडदा लावून कपडे बदलावेसे वाटतात.

गाव आखून वसवलेलं आहे हे बसमधून उतरतानाच कळतं. डोंगराच्या पायथ्याशी सिमेंटचा कारखाना, डोंगरावरून दगड आणायचा रोपवे, आणि उतारावर घरांच्या तीन ओळी. खालची साहेबांची, मधली कारकुनांची, वरची कामगारांची. प्रत्येक ओळीत घरं समोरासमोर, दारासमोर दार. रोपवेचे डबे बंद पडले त्या दिवशी होते तिथेच लटकताहेत. वारा सुटला की एकेक कुरकुरतो.

एक विचारायचं होतं. प्रत्येक दाराशेजारी खिळ्याला पत्र्याची पाटी आहे, एका बाजूनं पांढरी, दुसऱ्या बाजूनं काळी. बहुतेक गंजल्यात. पण वरच्या ओळीत शेवटून तिसऱ्या घराची पाटी नुकतीच रंगवल्यासारखी आहे. घराला कुलूप. काल संध्याकाळी पाटी काळी होती. रात्री वाऱ्यानं उलटली असावी, कारण आज उजाडताना पाहिली तर पांढरी. चहा घेऊन परत आलो तर पुन्हा काळी. वॉचमनला विचारलं तर म्हणाला, "तिकडं एका बाईशिवाय कोणी राहत नाही साहेब," आणि बॉयलर बघायला निघून गेला. बॉयलर बंद पडून वर्षं झाली.

तू लग्नानंतर इथंच होतीस ना? ह्या पाट्या कसल्या? आणि तुमचं घर कुठलं?

तुझा,
ढब्बू


१२ जानेवारी

ढब्बू,

पत्र मिळालं. अक्षर अजून तसंच, मुंग्यांनी शाईत पाय बुडवून पळावं तसं.

लिहून घे. गाव वसवणारा इंजिनियर बाहेरचा होता, एकटा राहायचा. कारखाना तीन पाळ्यांत चालायचा, म्हणजे दिवसा कुठल्याही वेळी ओळीत कोणी ना कोणी झोपलेलं. म्हणून पाटी. काळी म्हणजे आत रात्रपाळीचा माणूस झोपलाय. काळी पाटी दिसली की कोणी दार वाजवायचं नाही, हाक मारायची नाही, बादली आपटायची नाही. आमच्या ओळीतली पोरं खुणांनी भांडायची. मीही तिथंच खुणा शिकले, आता कान गेल्यावर कामाला येतायत.

पाटी आपली आपण फिरवायची नाही, समोरच्या घरानं फिरवायची. माणूस कामावरून घरात शिरला की समोरचा उठून त्याची पाटी काळी करणार. नवीन लोकांना हे विचित्र वाटायचं. इंजिनियरनं पहिल्याच सभेत सांगितलं होतं म्हणे, की दमून आलेल्या माणसाला घरी आलेला निदान एकानं तरी पाहिला पाहिजे. एकटा राहणारा माणूस, त्याला असलं सुचायचंच. पण लोकांनी ते पाळलं. कोणी चुकून स्वतःची पाटी फिरवली तर समोरच्याशी भांडण आहे असं समजायचे.

बाकी धूळ. कपडे वाळत घातले की संध्याकाळपर्यंत आपले आपण उभे राहायचे. लग्नात मिळालेली निळी साडी त्या गावात राखाडी झाली ती कायमची.

आमचं घर कुठलं ते आता आठवत नाही. सगळी सारखीच होती. वरच्या ओळीत फार फिरू नकोस, मागची डोंगराची भिंत सुटलेली असेल. तुला इतिहास लिहायला बोलावलंय, लोकांच्या दारांत डोकवायला नाही.

जेवण वेळेवर कर.

मावशी


१९ जानेवारी

मावशी,

तू "जाऊ नकोस" म्हटल्यावर मी गेलो हे तुला सांगायला नकोच.

त्या कुलूपबंद घरासमोर एक बाई राहते. ओळीत दुसरं कोणी नाही. वीज तोडलीय, पाणी खालून आणते. वय तुझ्याएवढं असेल, पाठ ताठ, आणि आवाज असा की दार उघडून "बोला" म्हणाली तेव्हा मी क्षणभर रिसीव्हर शोधला. कारखान्याच्या टेलिफोनवर होती म्हणून सगळे तिला अजून टेलिफोनवालीच म्हणतात. कोणाचा कोण विचारल्यावर मी तुझं नातं सांगितलं. तिनं माझं तोंड उजेडाकडे वळवून बघितलं. मग म्हणाली, "नाक तिचंच आहे. ती बरी आहे का?" मी हो म्हटलं. तिनं पाणी दिलं आणि दार लावून घेतलं.

कारखान्यातल्या अपघाताचं वॉचमननं सांगितलं, त्याचे वडील तेव्हा पाळीवर होते. रात्री दगड साठवायचा मोठा कोठा फुटला. धुळीनं दिवे दिसेनात, माणसं सैरावैरा पळाली, कोणी गेटवर नोंद न करताच घरी गेली. सकाळी मोजदाद जमेना, तेव्हा साहेबांनी ओळीओळीत माणसं पाठवून पाट्या बघून घेतल्या. काळी पाटी म्हणजे माणूस घरी. ते कुलूपबंद घर तुमचंच, आणि काकांची पाटी काळी होती. आकडा जुळला, आणि दुपारच्या आत शोध थांबवला. काका मात्र दगडाखाली होते.

ती पाटी टेलिफोनवालीनं फिरवली होती. ती म्हणायची, मी त्यांना घरी येताना पाहिलं. कोणी विश्वास ठेवला नाही. रोजच्या सवयीनं न बघताच फिरवली असं ठरलं, तिचं काम गेलं, आणि ओळीनं तिच्याशी बोलणं टाकलं.

मावशी, त्यानं तारीख सांगितली, ती रात्र म्हणजे माझ्या जन्माची रात्र. माझ्या वाढदिवसाला तू स्वयंपाकघरात संध्याकाळपर्यंत गप्प बसून असतेस. आई आम्हाला सांगायची, मावशीचं डोकं दुखतंय. एवढी वर्षं कोणीच काही का नाही सांगितलं?

महिनाअखेरीला वरची ओळ पाडणार आहेत. ती बाई हलायला तयार नाही.

ढब्बू


२७ जानेवारी

ढब्बू,

तुला कोणी सांगितलं नाही कारण पोराच्या वाढदिवसावर कोणी राख टाकत नाही. आता तुझी चाळिशी उलटली. ऐक.

तुझ्या आईचे दिवस भरले होते, आणि निरोप आला म्हणून मी संध्याकाळच्या बसनं तिच्याकडे आले. रात्रभर जागलो, पहाटेच्या आधी तू झालास. चांगला ढब्बू, कोणाच्या हातात मावेनास. दुसऱ्या दिवशी दुपारी मी परत गेले. स्टँडवर कोठा फुटल्याचं कळलं, पण लगेच सांगितलं की माणसं सगळी सुखरूप आहेत. तरी ओळीपर्यंत धावतच गेले. पाटी काळी दिसली आणि माझा जीव भांड्यात पडला.

मग मी काय केलं असेन? चपला हातात घेतल्या. माणूस झोपला की समोरच्यानं बाहेरून कुलूप नुसतं अडकवायची ओळीची पद्धत, ते काढलं. कडी पदरात धरून सरकवली, आवाज होऊ नये म्हणून. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. एवढ्या अपघातातून आलेला माणूस, झोपू दे पोटभर, म्हणून मी तिकडे फिरकलेही नाही. स्वयंपाकघरात बसले. ताटात फडकं घालून तांदूळ निवडले, खडा वाजू नये म्हणून. मुलगा झाला, काळा आहे पण नाक आमच्याकडचं आहे, असं सगळं मनात जुळवून ठेवलं होतं. एकदा तर खोकला आला तो उशीत तोंड घालून खोकले.

उठवायची वेळ झाल्यावर दार उघडलं. अंथरूण मी आदल्या दिवशी घातलं होतं तसंच होतं, एक सुरकुती नाही.

ओरडत गेले. मग पुन्हा खणायला लागले, आणि दुसऱ्या दिवशी तो सापडला. ओळख पटवायला तुझा बाप गेला. माझा माणूस कोठा फुटला तेव्हाच गेला, की वाट बघत पडून राहिला, हे मला कोणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. विचारल्यावर उत्तर ऐकावं लागतं.

पण मी त्या सगळ्या दुपारी गप्प बसून होते, ढब्बू. तो खालून हाका मारत असेल आणि मी तांदूळ निवडत होते. आता मला दाराची घंटा ऐकू येत नाही, कुकरची शिट्टी ऐकू येत नाही. पण रात्री दिवा घालवला की दगडावर दगड वाजवल्यासारखी टकटक होते ती ऐकू येते. डॉक्टर म्हणतो कानात तसं होतं. होत असेल.

ती बाई त्याला पाहिला म्हणते. तिला पाहायचं असतं तर नीट पाहायचं होतं. पुन्हा तिच्याबद्दल लिहू नकोस.

मावशी


१० फेब्रुवारी

मावशी,

लिहू नकोस म्हणालीस, म्हणून दोन आठवडे लिहिलं नाही. पण आता लिहावं लागतंय.

पाडायचं काम लांबलं होतं, ते काल सुरू झालं. खालच्या दोन ओळी गेल्या. मशीन वर आलं तर टेलिफोनवाली तुमच्या घराच्या पायरीवर बसलेली. पाडायला आलेला साहेब म्हणाला, बाई, घर रिकामं आहे. ती म्हणाली, "आत माणूस झोपलाय." साहेब हसला. पण मशीन चालवणारा इथल्याच कामगाराचा मुलगा, त्यानं पाटी काळी बघितली आणि मशीन बंद करून खाली उतरला. साहेब त्याच्यावर खेकसला, तर तो खुणेनंच बोलला, हळू. आता सोमवारी पोलीस आणणार आहेत. ओढून काढतील तिला.

मी तिला समजावायला संध्याकाळी गेलो. ती म्हणते, "मी त्याला आत जाताना पाहिलंय. बाहेर येताना पाहिलं नाही. पाटी वाऱ्यावर सोडून मी कशी जाऊ?" वारा रोज रात्री पाटी पांढरी करतो, ती रोज सकाळी काळी करते, आणि वर्षातून एकदा रंगवते. तिच्याशी कोणी बोलत नाही हे तिला चालतं. तिला फक्त एवढंच लागलंय, की तुझ्या मनात ती खोटी आहे.

आणखी एक. तू हसशील. परत निघालो तेव्हा अंधार पडला होता, वारा पडला होता, आणि तुमच्या घरातून कडी सरकल्याचा आवाज आला. पूर्ण आवाज नाही, कोणी कापडात धरून सरकवावी तसा. मी दाराकडे वळलो नाही. तिनं मात्र ओठांवर बोट ठेवलं, आणि मीही चपला हातात घेऊनच उतार उतरलो.

ढब्बू


१३ फेब्रुवारी

ढब्बू,

हे पत्र मिळाल्याबरोबर तिच्याकडे जा. तिला एक प्रश्न विचार: त्या सकाळी तो घरी आला तेव्हा त्याच्या गळ्यात काय होतं?

उत्तर मी तुला लिहीत नाही. तू मनानं मवाळ आहेस, तिच्या तोंडात घालशील. ती जे बोलेल ते जसंच्या तसं लिही. स्वतःची अक्कल घालू नकोस.

मावशी


१६ फेब्रुवारी

मावशी,

विचारलं. उत्तर चुकलंच म्हणायचं. वाईट वाटतं, पण जसंच्या तसं लिही म्हणालीस म्हणून लिहितो.

मी प्रश्न विचारल्यावर तिनं आधी विचारलं, "कोण विचारतंय? तू की ती?" मावशी विचारतेय, म्हटल्यावर आत गेली, तोंड धुऊन आली, मग बसली.

म्हणाली, "कोठा फुटल्यावर भोंगा झाला तेव्हापासून मी दारात होते. सगळ्याच होत्या, पण ज्या त्या आपापल्या माणसाची वाट बघत होत्या. माझं कोणी नव्हतं कारखान्यात. म्हणून मी समोरच्या घराचीच वाट बघत होते, त्याची बायको घरात नाही हे मला माहीत होतं. उजाडताना तो आला. अंगभर पांढरी धूळ. मी म्हटलं, आलास ना बाबा. तो बोलला नाही. गळ्याला हात लावून खूण केली, घसा बसलाय अशी. गळ्यात पायमोजा बांधलेला होता. बायकी, पिवळा, टाचेला हिरव्या लोकरीचा रफू. एवढ्या धुळीत तेवढा तो पिवळा स्वच्छ होता. मग तो आत गेला आणि मी पाटी फिरवली."

मी विचारलं, हे चौकशीत का नाही सांगितलंत? तर म्हणाली, "गळ्यात पायमोजा घातलेला माणूस सांगितला असता तर साहेबलोक हसले असते. मेलेल्या माणसाला मी हसू देईन होय?"

वय झालंय, इतकी वर्षं एकटी, डोक्यात काहीतरी भलतं बसलंय. मोठा माणूस गळ्यात पायमोजा कशाला बांधेल? पण बाई मनानं खोटी नाही एवढं मी शपथेवर सांगतो. तू रागावू नकोस. सोमवारची तारीख पुढे ढकलावी म्हणून साहेबाला भेटलो, आठवडाभर थांबतो म्हणाला.

ढब्बू


१९ फेब्रुवारी

ढब्बू,

आज माझंही अक्षर मुंग्यांचं आहे, चालवून घे.

त्या दिवशी त्याचा घसा दुखत होता. बससाठी निघायच्या आधी मी मीठ भाजलं, माझ्याच पायमोज्यात भरलं आणि त्याच्या गळ्याला बांधलं. दुसरं काही हाताशी नव्हतं. पिवळा, माझ्या हातचा, टाचेला हिरवा रफू, कारण पिवळी लोकर संपली होती. त्यानं केवढं नाटक केलं. म्हणाला, कारखान्यात कळलं तर जन्मभर मला पायमोजा म्हणतील, कोणाला सांगायचं नाही, शपथ घे. मी घेतली. मग वरून मफलर गुंडाळून, गळ्यापर्यंत बटणं लावून मला स्टँडवर सोडायला आला. बस हलली तरी तो एका हातानं मफलर धरून उभा होता.

टेलिफोनवाली त्या दिवशी दुपारपासून रात्रीपर्यंत टेलिफोनवर होती. तो रात्री कामावर गेला तेव्हाही ती तिथंच होती. मी कोणाला सांगितलं नाही. तुझ्या आईलासुद्धा नाही. तुझ्या बापाला विचारावंसं वाटायचं, पण मेलेल्या माणसाच्या अंगावर माझा पायमोजा होता का, हे कसं विचारतात ते मला कधी कळलं नाही.

म्हणजे ती खोटी नव्हती. सवयीनं पाटी फिरवली नाही तिनं. तो आला होता.

आणि उजाडताना तो तसा घरी आला, याचा अर्थ तुला समजावायला नको. माणसांनी खणायचं थांबवलं त्याच्या कितीतरी आधी देह मागे ठेवून तो तिथून निघाला होता. मी तांदूळ निवडत बसले तेव्हा दगडाखाली हाका मारणारं कोणी नव्हतं. तो घरातच होता. मी हळू वावरले ते बरं केलं.

काल रात्री दिवा घालवला आणि बराच वेळ पडून राहिले. काही ऐकू आलं नाही. मी चांगली बहिरी झालेय, ढब्बू.

तिला वाचून दाखव, माझं नाव घेऊन. म्हणावं, तो घरी आला तेव्हा दारात मी नव्हते. तू होतीस. कोणीतरी त्याला घरी आलेला पाहिला, हे माझ्यावर तुझं फार मोठं ऋण आहे, आणि मी त्याबद्दल तुझ्याशी इतकी वर्षं बोलले नाही. आता पाटीला हात लावू नकोस. आज रात्री वाऱ्यानं पांढरी केली की तशीच राहू दे. त्याची झोप झाली.

सामान बांधून तिला माझ्याकडे घेऊन ये. एक खोली रिकामी आहे. बहिरी बाई आणि टेलिफोनवाली, बघू कसं जमतंय. येताना पाटी काढून आणा. तिच्या खोलीच्या दाराला लावू, दार माझ्या दारासमोरच येतं.

दुसरा पायमोजा अजून माझ्याकडे आहे. ती आली की दाखवीन तिला. एवढ्या वर्षांत तो ओळखणारं दुसरं कोणी मला भेटलं नाही.

आणि हे बघ, पुस्तकात कोठा लिही, पाट्या लिही, त्या इंजिनियरचं लिही. पायमोज्याचं लिहू नकोस. मी शपथ घेतलीय.

मावशी